मकोंडे पठारावरचे चार पावसाळे

पावसाळा म्हटला की आपल्या मनात पहिला विचार येतो तो पाणी घराबाहेर कसे ठेवावे याचा. मे महिना उतरणीला लागला की वसईच्या घराघरांतून आगोटीची धांदल उडे. कौले चाळली जात, पडवीला झापे बांधली जात, लाकूडफाटा माळ्यावर चढे, सुकी मासळी आणि मसाले बरण्यांत व डब्यांत बंद होत. पाऊस हा आपला वर्षाचा लाडका पाहुणा खरा. परंतु त्याने अंगणापर्यंत यावे, उंबरा ओलांडू नये, असाच आपला त्याच्याशी करार असतो. पन्हळीतून पडणारे पाणी गटारात, गटारातले खाडीत आणि खाडीतले समुद्रात सुखरूप पोहोचले, की आपण निर्धास्त झोपतो.

ह्या पृथ्वीच्या पाठीवर असाही एक मुलूख आहे, की जेथे पावसाळ्याची तयारी ह्याच्या नेमकी उलट दिशेने चालते. तेथे पावसाला घरात बोलावण्यासाठी माणसे महिनामहिना राबतात. टांझानिया देशाच्या अगदी दक्षिण टोकाला, मोझांबिकच्या सीमेलगत, मकोंडे पठार नावाचा हा मुलूख आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली ‘फिदेई दोनुम’ ह्या परिपत्रकाद्वारे धर्मप्रांतीय धर्मगुरूंना काही वर्षे आफ्रिकेतील ख्रिस्तसभेच्या सेवेला जाण्याचे आवाहन केले होते. त्या वाटेने अनेकजण गेले. २००४ च्या सप्टेंबरात मीही गेलो आणि २००८ च्या मध्यापर्यंत तेथे राहिलो. चार वर्षांत चार पावसाळे काढले. सेमिनरीत जे धर्मशास्त्र मी पुस्तकांतून शिकलो, त्यातला एक धडा त्या पावसाळ्यांनी मला टाक्याच्या काठावर उभे करून पुन्हा शिकवला. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रथम त्या भूमीची ओळख करून देतो. राजधानीइतक्याच महत्त्वाच्या दार-एस्-सलाम शहरातून दक्षिणेकडे निघाले, की वाटेत रुफिजी ही विशाल नदी आडवी येते. तिच्यावर २००३ साली पूल झाला. त्यापूर्वी तराफ्यावरून गाड्या पलीकडे जात आणि भर पावसात दक्षिणेचा सारा मुलूख आठवडेच्या आठवडे तुटून पडे. ज्यांचे नाव त्या पुलाला दिले ते तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बेंजामिन म्कापा हे ह्याच दक्षिण भागातले, कॅथलिक घरातले. पूल झाला तरी त्यापुढचा साठेक किलोमीटरचा कच्चा रस्ता मी तेथे असेपर्यंत चिखलाचाच होता. ट्रक त्यात रुतत, आणि त्यांच्यामागे बसगाड्यांची रांग लागे. प्रवासी खाली उतरून चूल मांडत. त्या रस्त्याने पावसाळ्यात प्रवास करणारा मनुष्य घड्याळ पाहणे सोडून देतो.

मकोंडे पठार समुद्रसपाटीपासून सात-आठशे मीटर उंचावले आहे. नेवाला ह्या गावाच्या कडेला पठार एकाएकी तुटते आणि खाली रुवुमा नदीच्या खोऱ्यापर्यंत दृष्टी कोसळत जाते. त्या कड्याला लोक ‘शिमो ला मुंगू’, म्हणजे देवाचा खळगा, असे म्हणतात. पाणी आहे ते खाली, त्या खळग्यात. पठारावर नदी नाही, ओढा नाही; रेताड लाल माती आलेला पाऊस क्षणात गिळून टाकते आणि विहीर खणावी तर पाणी फार खोल. पंपाने पाणी वर चढवण्याची जुनी योजना आहे. परंतु आमच्या गावात तिचे नळ बहुधा कोरडेच असत. डिसेंबर ते एप्रिल एवढाच पावसाळा. तोही वसईच्या पावसाच्या निम्म्याहून कमी. मग मे ते नोव्हेंबर आकाशातून थेंब नाही. त्या सात महिन्यांत बायामुलींनी डोक्यावर डबे घेऊन कडा उतरायचा, झऱ्यापाशी रांगेत बसायचे, आणि वीस लिटर पाणी डोक्यावर तोलत पुन्हा कडा चढायचा. जाऊन येऊन अर्धा दिवस सहज मोडे.

त्या वीस लिटरच्या पत्र्याच्या डब्याला स्वाहिली भाषेत ‘देबे’ म्हणतात. हा शब्द प्रथम कानी पडला तेव्हा मला गंमत वाटली, कारण तो आपला ‘डबा’च आहे, हिंदुस्थानी व्यापाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून गेलेला. गाडीला ते ‘गारी’ म्हणतात, विम्याला ‘बिमा’. धर्मगुरूला ‘पाद्रे’. परक्या देशात पाऊल टाकताच आपली चार माणसे भेटावीत, तसे हे शब्द मला भेटले. काजूचे झाडही तसेच. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला काजू जसा गोव्यात आणि कोकणात रुजला, तसाच आफ्रिकेच्या ह्या किनाऱ्यावरही रुजला. आज मकोंडे पठाराचे पोट काजूवर आणि कसाव्याच्या कंदांवर चालते. तेथील कच्चा काजू सोलण्यासाठी जहाजाने भारतात येतो. तूरही तेथे पिकते. तिला ‘म्बाझी’ म्हणतात. रविवारी संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने तुरीचे वरण शिजवीत असे आणि घरची आठवण भातावर वाढून घेत असे.

गावात वीज नव्हती, टेलिफोन नव्हता, मोबाइल अद्याप पोहोचला नव्हता. रात्री उजेडाला ‘कोरोबोई’, म्हणजे पत्र्याच्या डबीत वात घातलेली आपली रॉकेलची चिमणी. कोरड्या दिवसांत ह्या साऱ्याची सवय होते. परीक्षा पाहतो तो पावसाळा. काड्यापेटीचा गुल ओला होऊन पेट धरीत नाही. म्हणून काड्यापेट्या तांदळाच्या बरणीत पुरून ठेवाव्या लागत. ख्रिस्तप्रसादाच्या भाकरी दमटपणाने लवतात आणि त्यांना बुरशी धरते. त्यांचा डबा मी चुलीवरच्या फळीवर ठेवी आणि एका वेळी आठवड्यापुरत्याच भाकरी भाजून घेई. वेदीवरची वस्त्रे, पुस्तकांच्या पाठी, चामड्याच्या वहाणा यांवर चार दिवसांत हिरवट लव चढे. धुतलेले कपडे वाळवणे म्हणजे कोळशाच्या इस्त्रीने वाफ काढीत बसणे. ही इस्त्री केवळ घडीसाठी नव्हती. ओल्या कपड्यांवर एक जातीची माशी अंडी घालते आणि त्यांतल्या अळ्या अंगात शिरतात, म्हणून बनियनसुद्धा दोन्ही बाजूंनी तापवून घ्यावा लागे. मलेरिया तर घरच्यासारखा. मच्छरदाणी फाटली तर छत शिवण्याआधी ती शिवावी, हा तेथला पहिला धडा.

चर्चचे छप्पर पत्र्याचे. पाऊस कोसळू लागला की पत्र्यावर असा ताशा वाजे की प्रवचनाचा एक शब्दही दुसऱ्या बाकापर्यंत पोहोचत नसे. अशा वेळी मी बोलणे थांबवून खाली बसे आणि लोक गाऊ लागत. एकदा गाणे संपले, तरी पाऊस संपेना; दुसरे, तिसरे, चौथे झाले. अखेर पाऊस ओसरल्यावर मी उठलो, तेव्हा पुढच्या बाकावरील एक आजीबाई हसून म्हणाल्या, “पाद्रे, आजचे प्रवचन वरूनच झाले.” सभेत हशा पिकला आणि मीही विश्वासांगीकाराकडे वळलो.

परंतु तो ताशा त्या लोकांच्या कानाला इतका गोड का वाटे, हे समजायला छपराचा हिशेब समजला पाहिजे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आमच्या चर्चचे छप्पर सुमारे तीनशे चौरस मीटरचे. म्हणजे तासाभराच्या जोरदार सरीत वीस मिलिमीटर पाऊस झाला, तर सहा हजार लिटर, अर्थात तीनशे देबे पाणी. तीनशे बायांचा प्रत्येकी अर्ध्या दिवसाचा कडा वाचला! छपराच्या दोन्ही कडांना पन्हळी होत्या आणि त्या चर्चमागील जमिनीखालच्या साठ हजार लिटरच्या टाक्यात उतरत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्या टाक्याची सेवा चाले. गाळ उपसायचा, भेगा सिमेंटने लिंपायच्या, पन्हळीतला पाचोळा आणि पाखरांची घरटी काढायची, झाकणाला नवी जाळी लावायची. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी टाक्यात घ्यायचे नाही. पत्र्यावर सात महिन्यांची धूळ आणि विष्ठा साचलेली असते, ती धुऊन जाईपर्यंत नळी बाहेर वळवून ठेवायची. नळी आत वळवण्याचा मान शाळेतल्या मुलांचा. त्यासाठी त्यांची आपसांत भांडणे होत. घराघरांतूनही हेच दृश्य. ज्याच्या घरावर गवत तो अंगणात घमेली, हंडे, कढया मांडून बसे. ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’ अशी स्वाहिली म्हण आहे. थोडे थोडे करून मापटे भरते, असा तिचा अर्थ. थेंबे थेंबे तळे साचे हे आपल्या पूर्वजांनी ज्या डोळ्यांनी पाहिले, त्याच डोळ्यांनी त्यांच्याही.

पहिला पाऊस तेथे बहुधा आगमनकाळात येतो. यशया संदेष्ट्याने आकाशाला नीतिमत्तेचा वर्षाव करण्याची आणि पृथ्वीला तारणाचा अंकुर फोडण्याची आळवणी केली आहे. ‘रोराते चेली’ ह्या लॅटिन गीताच्या रूपाने सेमिनरीत आम्ही ती गात असू. वसईचे आगमनकाळातले आकाश निरभ्र असते. म्हणून ती आळवणी आपल्याला केवळ रूपक वाटते. मकोंडे पठारावर ती रूपक नव्हती. चर्चमध्ये लोक हात पसरून ती प्रार्थना करीत आणि प्रार्थना संपताच दारातून आकाशाकडे पाहत. पहिली सर कोसळून गेली की संध्याकाळी वारुळांतून पंखवाल्या वाळव्यांचे थवे उठत. मुले त्या पकडून, भाजून, मिठाबरोबर खात, आणि दुसऱ्या पहाटे सारे गाव खांद्यावर कुदळ टाकून शेतात जाई. पाहुण्याचा पाहुणचार दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्यावी, अशीही त्यांची एक म्हण आहे. मला ती दुसऱ्याच दिवशी मिळाली.

आता त्या प्रसंगाकडे येतो, की ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. २००६ साली रमजानचा महिना सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाला. पठारावरचा तो सर्वांत कोरडा काळ. आमच्या गावात सुमारे एकशेवीस घरे. त्यांतली चाळीस कॅथलिक, बाकीची बहुतेक मुस्लिम. वेळूची काठी टाकून पाहिली तेव्हा टाक्यात जेमतेम पंधरा हजार लिटर, म्हणजे साडेसातशे देबे पाणी उरले होते. पावसाला अजून दोन महिने. धर्मग्राम परिषदेची सभा भरली. काही तरुणांनी मागणी केली की टाक्याला कुलूप लावावे आणि उरलेले पाणी चाळीस ख्रिस्ती घरांनाच द्यावे. त्यांची बाजू पोकळ नव्हती. टाके बांधताना दगड ख्रिस्ती कुटुंबांनी वाहिले होते, सिमेंटचे पैसे त्यांनी काजू विकून दिले होते. शिवाय हिशेब त्यांच्या बाजूचा होता. चाळीस घरांना एक दिवसाआड देबे दिला तर पाणी सदतीस दिवस पुरते. एकशेवीस घरांना रोज दिला तर सहा दिवसांत टाके कोरडे. एका तरुण बापाने, त्याची बायको आठव्या महिन्यात होती, मला सरळ विचारले, “पाद्रे, माझ्या बायकोने कडा उतरावा काय?” ह्या प्रश्नाला परोपकारावरचे प्रवचन हे उत्तर नव्हे, हे मला कळत होते.

बराच वेळ कोणी बोलेना. मग आमचे वृद्ध कातेकिस्ता उठले. पावसात रस्ते बंद होत तेव्हा दूरच्या वाड्यांतून रविवारची उपासना हेच चालवीत. त्यांचे शिक्षण चार इयत्तांचे. ते एवढेच म्हणाले, “पत्रा मिशनचा आहे. टाके आमच्या घामाचे आहे. त्याबद्दल वाद नाही. पण पाऊस कुणाचा? ढग आला तेव्हा त्याने बाप्तिस्म्याची नोंदवही पाहिली होती काय?” आणि ते खाली बसले.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने पित्याच्या परिपूर्णतेची खूण म्हणून पावसाकडे बोट दाखवले आहे. नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो तो पाऊस. त्या अध्यायावर मी परीक्षेत निबंध लिहिला होता. परंतु टाक्यात साडेसातशे देबे उरले असताना त्या वचनाला केवढी किंमत मोजावी लागते, हे ज्याला ठाऊक होते तो मनुष्य माझ्यासमोर अनवाणी बसला होता.

सभेने मग नव्याने हिशेब मांडला, आणि तो मांडायला गावातील मुस्लिम वडीलधाऱ्यांनाही बोलावले. रोज चोवीस देबे काढायचे. त्यांतले चार दवाखान्याला, आजाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना. उरलेले वीस पाळीपाळीने वीस घरांना. म्हणजे प्रत्येक घराची पाळी सहाव्या दिवशी. पाणी एकतीस दिवस पुरणार. इतर दिवशी ज्याला त्याला कडा आहेच. मात्र कडा पुरुषांनीही उतरायचा आणि सायकली असलेल्यांनी वळणाच्या वाटेने दोन-दोन देबे आणायचे, ही अट वडीलधाऱ्यांनीच घातली. त्या तरुण बापाच्या पत्नीला रोज पाणी मिळाले. रमजानात ज्या घरांची पाळी असे, त्यांचा दिवसभराचा उपास संध्याकाळी चर्चच्या टाक्यातल्या पाण्याने सुटे. ऑक्टोबर संपता संपता टाके कोरडे पडले. नोव्हेंबरचा महिना आम्ही सर्वांनीच कडा उतरून काढला, मीही. त्या महिन्यात कुणाचे ओझे हलके झाले असे मी म्हणणार नाही. ते सर्वांनी वाहिले, एवढेच.

आणि एक गोष्ट घडली. नोव्हेंबरच्या मध्यावर, टाक्याच्या सफाईच्या दिवशी, चर्चच्या आवारात शिड्या घेऊन आलेल्या माणसांत मुस्लिम बांधव अधिक होते. त्यांनी पन्हळी काढून धुतल्या, पुन्हा बसवल्या आणि शाळेच्या छपरालाही पन्हळ घालून ती टाक्याला जोडली. छप्पर वाढले म्हणजे पाणी वाढले. पुढल्या एप्रिलात, ७ तारखेला, पुनरुत्थानाच्या जागरणाच्या रात्री, मुसळधार पाऊस होता. नवा अग्नी पेटवायला कोरडे लाकूड मिळेना. तेव्हा शेजारच्या एका मुस्लिम घरातून काजूच्या टरफलांची टोपली आली. काजूच्या टरफलात तेल असते. ते ओल्या हवेतही भडभडा पेटते. पडवीत लोखंडी घमेल्यात तो अग्नी पेटला. धुराने सर्वांच्या डोळ्यांतून पाणी काढले आणि त्याच अग्नीवर आम्ही पास्काची मेणबत्ती लावली.

तेथून परतून मला आता बरीच वर्षे झाली. त्या पठाराची आठवण मला मुख्यतः आपल्या वसईतच येते, आणि तीही जुलैच्या पावसात. निसर्गाने आपल्याला त्यांच्या दुपटीहून अधिक पाऊस दिला. आपल्या पूर्वजांनी तो साठवायला बावखले राखली. पावसाचे पाणी बावखलात साचे, मुरे, आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवी. पुढे टँकरवाल्यांनी आपल्या विहिरींचे पाणी उपसायला आरंभ केला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध लढा दिला. फादर दिब्रिटो २०२४ साली आपल्यातून गेले. परंतु अनेक बावखले त्यांच्याही आधी गेली होती, भरावाखाली. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले, आगगाड्या थांबल्या, वीज गेली. वीज नाही म्हणून पंप नाही आणि पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. दारात कमरेएवढे पाणी आणि घरात घोटभर नाही, अशी अवस्था आपल्यापैकी कित्येकांनी अनुभवली.

सोयी वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ज्या बाईने कडा उतरला आहे तिच्यासमोर नळाची निंदा करण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु सोयीचा एक स्वभाव आहे. बिल भरले की वस्तू आपली झाली, असे ती आपल्याला शिकवते. देणारा दिसेनासा होतो आणि शेजारीही दिसेनासा होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात पिण्याच्या सुरक्षित पाण्याला मानवाचा मूलभूत हक्क म्हटले, त्यामागे हीच जाणीव आहे. पाणी विकत घेता येते म्हणून ते विकत घेणाऱ्याच्या मालकीचे होत नाही.

आपल्या धर्मग्रामांतील चर्चची छपरे आमच्या त्या चर्चपेक्षा किती मोठी आहेत! शाळांची, सभागृहांची छपरे त्याहून मोठी. हजार चौरस मीटरच्या छपरावर वसईच्या एका पावसाळ्यात वीस लाख लिटर पाणी पडते, आणि ते आपण गटाराच्या स्वाधीन करतो. ते विहिरीत किंवा उरलेल्या बावखलात मुरवायला पन्हळ, नळी, वाळू-खडीचा गाळणखड्डा आणि चार माणसांचे दोन रविवार पुरतात. पहिल्या दोन सरी मात्र बाहेर सोडाव्यात. आणि त्या विहिरीचे पाणी कोणाला द्यायचे, हा प्रश्न ज्या सभेत निघेल, तेथे माझ्या वृद्ध कातेकिस्तांचा प्रश्न कोणीतरी विचारावा. पत्रा आपला आहे, पाऊस कुणाचा?